दूरच्या पाण्यावर गरवायला जाताना प्रवासाचं काय करता?

तंगूस

गरवायला (गळ टाकून मासे पकडायला) कुठे जावं, कुठला मासा, कुठलं आमिष यावर धागे रग्गड निघतात. जायचं कसं, यावर मात्र कोणी फारसं टंकत नाही. मित्रांच्या टोळक्याने लांबच्या नदीवर नाहीतर किनाऱ्यावर जायचं ठरवलं की सगळा खल रॉड, रीळ आणि मासा यांच्यावर होतो. प्रवास म्हणजे मधली कटकट, ती कशीतरी उरकायची.

माझं मत उलट आहे. अशी सहल बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यावर नाही, वाटेत. मासा लागला नाही तर त्याला कोणी नावं ठेवत नाही, तो खेळाचाच भाग. पण रॉड ठेवलेली नळी भलत्याच विमानतळावर उतरली, रात्रभर गाडी हाकलेला गडी पहाटे होडीत पेंगतोय, किंवा पाचजण गेलो आणि होडीत जागा चौघांचीच, अशा गोष्टींनी मित्रामित्रांत जी धुसफूस सुरू होते ती परत घरी येईपर्यंत थांबत नाही.

म्हणून माझे काही ठोकताळे मांडतो. पटले नाहीत तर खुशाल हाणा.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा: पोचायचा दिवस आणि पहिला गळ टाकायचा दिवस यांच्यामध्ये एक पुरती रात्र झोप हवीच. यावर मी तडजोड करत नाही. १९९७ साली डॉसन आणि रीड या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं होतं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं घसरतं. २४ तासांच्या जागरणानंतर ते ०.१० टक्क्यांच्या आसपास जातं. आता विचार करा. आपण पहाटे उठून निघतो, दिवसभर प्रवास, रात्री उशिरा पोचतो, दोन तास डोळा लागला न लागला तोच कोणीतरी "चला रे, उजाडायच्या आत पाण्यावर" म्हणून उठवतो. मग शेवाळलेल्या दगडांवर उभं राहायचं, हातात धारदार गळ, खाली वाहतं पाणी. दारू पिऊन कोणी असं उतरलं तर आपण त्याला मागे ओढू. झोप न झालेल्याला मात्र चहा देऊन पुढे ढकलतो.

पोचल्या संध्याकाळी पाणी बघायला जरूर जावं. रॉड खोलीत ठेवून. धार कुठे वळते, खोलगट कुठे आहे, उतरायला पायवाट कुठून, परतताना अंधारात खूण कुठली, हे नुसतं बघून ठेवलं तरी दुसऱ्या दिवशीचा निम्मा वेळ वाचतो. हातात रॉड असला की माणूस पाण्याकडे बघतच नाही, फक्त दोरीच्या टोकाकडे बघतो.

दुसरा ठोकताळा माणसांचा. बऱ्याच ठिकाणी एका वाटाड्याच्या होडीत दोघेच गरवतात. म्हणजे टोळकं सम संख्येचं हवं. तिघे किंवा पाचजण असले की रोज एकजण काठावर राहणार, आणि दुसऱ्या दिवसापासून तो एकजण कोण यावरून टोमणे सुरू. गाडीचंही तसंच. पाच आसनांच्या गाडीत गरवणारे तीनच, फार तर चौघे. पाचव्याच्या जागी बूट, जाकिटं, शीतपेटी आणि रॉड बसतात.

तिसरं, पैशांचं निघण्याआधी ठरवा. सरसकट टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) की सामाईक डबा, काय ते एकदाच. ज्याला मासे लागले त्याला उत्साह असतो आणि तो आणखी एक दिवस होडी घ्यायला निघतो. ज्याला काही लागलं नाही तो तेव्हा हिशोब मागतो. हे दोघे समोरासमोर येऊ नयेत एवढीच काळजी.

बाकी सामान, विमान, परवाने यांचं जाणकारांनी लिहावं.

खंड्या

धागा आवडला, वाखुसा (वाचनखूण साठवली). सम संख्येला +१००.

झोपेच्या मुद्द्यावर मात्र माझं तुमच्याशी जुळत नाही, तंगूसराव. तुम्ही बहुतेक नदीवाले. आम्ही खाडी आणि समुद्रवाले. आमचं पाणी आमच्यासाठी थांबत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची म्हणजे लहान. दोन्हीत पाणी इतकं वेगळं वागतं की जणू जागाच बदलली. काही किनाऱ्यांवर उधाणाचे मोजके दिवसच कामाचे असतात. त्यात तुम्ही पोचलात त्याच संध्याकाळी भरती चढत असेल आणि मासा काठाशी येत असेल, तर "आज फक्त बघायचं" हे सांगायला कोणाची छाती होणार? मी तरी काठी जोडतो.

तंगूस

खंड्याभाऊ, भरती थांबत नाही हे मान्यच. पण ती कधी येणार हे वर्षभर आधी छापून येतं! विमानाचं वेळापत्रक बदलतं, भरतीचं बदलत नाही. मग पोचायचा दिवसच आधीचा धरा की.

माझी पद्धत अशी. आधी पंचांग काढतो, भरतीचा तक्ता काढतो, कुठले दिवस हवेत ते ठरवतो आणि तिथून उलटं मोजत येतो. शेवटची होडी, त्याआधीची झोप, त्याआधीचा रस्ता, त्याआधीचं विमान. बहुतेक टोळकी सुलटं मोजतात: शुक्रवारी रात्री सुटी लागली की निघायचं, मग बघू. आणि हो, भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते हेही या उलट मोजणीत धरा. पहिल्या दिवशी सकाळी सहाला असलेली भरती पाचव्या दिवशी सव्वानऊच्या पुढे गेलेली असते. "रोज पहाटे पाचला उठायचं" हा नियम कशासाठी, हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं.

खंड्या

पंचांगाचा मुद्दा मान्य. सुटी मंजूर करणारा साहेब पंचांग बघत नाही ही आमची अडचण. :)

निळाई

सामानावर मी लिहिते, कारण या विषयात मी पुरेसं भोगलंय.

नऊ फुटी रॉड म्हणजे २७४ सेंमी. दोन तुकड्यांचा असेल तर एकेक तुकडा १३७ सेंमी, आणि त्याची नळी आणखी लांब. बऱ्याच विमान कंपन्या चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंमी धरतात. नळीचा व्यास दहा सेंमी धरला तरी हिशोब हद्दीच्या कडेवर किंवा पलीकडे जातो, मग ती 'मोठ्या आकाराचं सामान' म्हणून वेगळ्या खिडकीवर आणि वेगळ्या पट्ट्यावर. चुकामूक होते ती तिथेच. चार तुकड्यांचा तोच रॉड सत्तरएक सेंमीच्या तुकड्यांत येतो आणि मोठ्या बॅगेत तिरका बसतो. सहा-सात तुकड्यांचा असेल तर केबिन बॅगेच्या नेहमीच्या ५५ सेंमीतही मावतो.

"जास्त जोड म्हणजे रॉड मेला" हे जुने लोक अजून म्हणतात. पूर्वी खरं असेलही. आताचे चांगले प्रवासी रॉड हातात दिले आणि डोळे मिटून फेकायला सांगितलं तर किती जणांना जोड ओळखता येतील, शंका आहे. फक्त दिवसातून दोनतीनदा जोड दाबून बघावे लागतात, फेकताफेकता ते सैल होतात आणि मग वरचा तुकडा माशाआधी पाण्यात जातो.

गळ आणि मोठी तिकाटणी (तीन टोकांच्या गळाची) आमिषं चेक-इनमध्ये, टोकांना आवरण घालून. अमेरिकेची विमानतळ तपासणी संस्था टीएसए मोठे गळ चेक-इनमध्ये टाकायला सांगते, रीळ आणि आमिष म्हणून वापरायच्या पिसांच्या नकली बारीक माश्या केबिनमध्ये चालतात म्हणते. पण शेवटचा शब्द तपासणीच्या टेबलावर उभ्या असलेल्या माणसाचा, आणि इतर देशांत तो आणखी कडक असू शकतो. त्याच्याशी हुज्जत घालून कोणाचं भलं झालेलं नाही. रीळ मात्र मी कायम केबिनमध्येच नेते.

आता रीळ बांधायचं कसं, कारण हे कोणी सांगत नाही. आधी ड्रॅग, म्हणजे दोरा किती ओढीला सुटेल ते ठरवणारा ब्रेक, पूर्ण सैल करायचा. घट्ट ठेवून आठवडाभर बॅगेत राहिला तर आतल्या चकत्या दबून बसतात आणि पहिला मोठा मासा ओढ घेतो तेव्हा दोरा सरसर सुटण्याऐवजी झटके देत सुटतो. मग हँडल दुमडायचं किंवा काढून रीळाच्या पोटाशी बांधायचं. दोऱ्याचं मोकळं टोक रबराने आवळायचं, नाहीतर सैल वेढे एकमेकांखाली शिरतात आणि पाण्यावर पोचल्यावर पहिला तास ते सोडवण्यात जातो. वरून जाड लोकरी मोजा. मोज्याचा जोडीदार दुसऱ्या रीळाला.

आणि मित्रांबरोबर जाणाऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगी युक्ती: कोणाचंही सगळं सामान एकाच बॅगेत ठेवायचं नाही. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी सगळं एका ठिकाणी ओततो आणि वाटून टाकतो. माझा एक रॉड एका मैत्रिणीच्या बॅगेत, तिची आमिषं माझ्या बॅगेत, तिसरीच्या बॅगेत आम्हा सगळ्यांचा थोडा थोडा दोरा आणि शिसं. एकदा एका विमान कंपनीने आमची एक बॅग चांगली तीन दिवस गायब केली. त्या तीन दिवसांत आमच्यापैकी एकीचेही हात रिकामे राहिले नाहीत. कपडे मात्र जिची बॅग गेली तिने सगळ्यांचे घातले, ते फोटो अजून ग्रुपवर फिरतात.

उगाचच

मोज्याचा जोडीदार दुसऱ्या रीळाला. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

आणि पायाला काय, रबर?

भोवरा

निळाईताई, प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे.

यात बॅटऱ्यांची भर घालतो, कारण हल्ली टोळक्यात एकाकडे तरी मासा शोधायचं यंत्र असतं आणि एकाकडे इलेक्ट्रिक रीळ. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाहीत, केबिनमध्येच न्यायच्या. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा हरकत नसते. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची आगाऊ परवानगी आणि माणशी दोनच सुट्या. १६० च्या वर प्रवासी सामानात नाहीच. बॅटरीवर आकडा नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा. १२ व्होल्ट ७ एएच म्हणजे ८४, चालेल. १२ व्होल्ट १० एएच म्हणजे १२०, परवानगी हवी. होडीची मोटर चालवणारी १२ व्होल्ट ३० एएचची बॅटरी म्हणजे ३६०, ती घरीच ठेवा आणि तिथे भाड्याने घ्या.

आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट नेणार असाल तर त्यातल्या गॅसच्या नळकांडीसाठीही कंपनीची परवानगी आधी लागते. टेबलावर जाऊन समजावू म्हणाल तर नळकांडी तिथेच राहील आणि जॅकेट नुसता सदरा म्हणून पुढे जाईल. स्टोव्हचा गॅस कुठल्याच बॅगेत नाही.

उगाचच

गंमत सोडून लिहितो. मी गरवत नाही. तरी दरवेळी मित्रांबरोबर जातो. आमच्यासारख्यांची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

न गरवणारा मित्र टोळक्यात असेल तर तो फुकटचा ड्रायव्हर नव्हे, हे आधी स्पष्ट करा. परतीच्या वाटेवर सगळे दमलेले आणि हा एकटा ताजा, म्हणून चाक याच्याच हातात. मला चालवायला आवडतं म्हणून ठीक. पण तंगूसरावांनी म्हटलंय तसं पैशाचं ठरवताना हेही ठरवा. मी होडीचे पैसे देत नाही, त्याबदल्यात गाडी चालवतो, असा आमचा करार आहे आणि तो टिकलाय.

दुसरं म्हणजे प्रवासात तरी माशांखेरीज एखादा विषय काढा. तासन्‌तास दोऱ्याची गाठ कुठली चांगली हेच. एकदा तर मी गाडी बाजूला लावून सगळ्यांना गाठ बांधून दाखवायला लावली, ज्याची सुटेल त्याने पुढचा टप्पा गप्प बसायचं. चमत्कार म्हणजे सगळ्यात जास्त बोलणाऱ्याचीच सुटली. पुढचा टप्पा फार सुखाचा गेला.

सुकाणू

गाडीने जाणाऱ्यांसाठी थोडं.

युरोपात मालवाहू गाड्यांच्या चालकांना साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबण्याची सक्ती आहे. हे रोज गाडी चालवणाऱ्या, सरावलेल्या माणसांसाठी. आपण हौशी लोक त्याहून जास्त का ताणतो कळत नाही. मी दर दोन तासांनी चालक बदलायला लावतो, थकवा असो नसो. कारण थकलेल्याला विचारलं तर तो "मी ठीक आहे" असंच सांगतो. रात्री दोन ते सहा या वेळात शक्यतो गाडी थांबलेली बरी. त्या वेळात शरीराचं घड्याळच झोप मागतं, तुम्ही दुपारी कितीही झोपला असलात तरी. नाइलाज असेल तर कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. कॉफीचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होते आणि दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. काच खाली करणं आणि गाणी मोठ्याने लावणं यांनी झोप जात नाही, फक्त शेजारचा जागा होतो. तसाही चालकाच्या शेजारच्याला झोपायची मुभा आमच्याकडे नसते.

गाडीतल्या रॉडबद्दल: जोडलेला रॉड, त्यात गळ लावलेला, मागच्या सीटवरून पुढच्या काचेपर्यंत आडवा. हे दृश्य दिसलं की मी खाली उतरतो. माशामुळे मोडलेल्या रॉडपेक्षा गाडीच्या दारात सापडून मोडलेले रॉड जास्त असतील. "एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पाच मिनिटांत जायचंय, कशाला सोडायचा" म्हणणाऱ्याचंच टोक जातं. निदान गळ काढा आणि टोक मागच्या बाजूला करा.

आणि अशा गाडीत गळ कोणाच्या तरी हातात घुसणार, हे धरूनच चला. वाटेत, दवाखाना लांब असताना, उलट्या काट्यापर्यंत आत गेलेला गळ काढायची दोरीची रीत शिकून ठेवा. आधी तो गळ आमिषापासून कापून वेगळा करायचा, विशेषतः तिकाटणं असेल तर, नाहीतर उरलेली दोन टोकं तुमच्या हातात. जाड दोऱ्याचा फास गळाच्या वाकावर अडकवायचा. दुसऱ्या हाताने गळाचा डोळ्याकडचा (दोरा ओवायच्या भोकाकडचा) भाग कातडीवर खाली दाबून धरायचा. या दाबाने आतला काटा मांसातून मोकळा होतो, सगळी मेख इथेच आहे. मग दोरा गळाच्या दांडीच्या रेषेत, त्या भोकाच्या उलट दिशेला, कातडीला समांतर, एकदम झटक्यात ओढायचा. हळूहळू ओढलं तर नुसती बोंबाबोंब. समोर कोणी उभं राहू नये, गळ गोळीसारखा सुटतो. डोळ्याजवळ, चेहऱ्यावर, मानेत किंवा सांध्यात खोल असेल तर हात लावायचा नाही, झाकून थेट डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच बघून ठेवा.

निळाई

दाबायचं ते विसरून नुसतं ओढणारे मी पाहिलेत. नको ती आठवण.

त्यापेक्षा गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच चेपून टाका. मासे थोडे सुटतात, बोटं लवकर सुटतात. सोडून द्यायचा मासाही कमी जखमी होतो.

कडुनिंब

पेशाने डॉक्टर, हौसेने गळवाला. तंगूस यांच्या झोपेच्या आग्रहाला माझा पूर्ण पाठिंबा.

विमानाने बरेच कालपट्टे ओलांडणार असाल तर शरीराचं घड्याळ जुळायला ढोबळमानाने पट्ट्यामागे एक दिवस लागतो. पूर्वेकडे जाताना जास्त त्रास, कारण आपलं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं. दिवस लांबवणं त्याला सोपं, आखडणं अवघड. पश्चिमेकडे गेलेला गरवणारा पहाटे तीनला टक्क जागा असतो, म्हणजे पहाटेच्या पाण्यासाठी आयताच तयार. पूर्वेकडे गेलेल्याला संध्याकाळचं पाणी सोपं जातं. पहिल्या दोन दिवसांचा बेत यावरून आखा, उगाच शरीराशी कुस्ती नको.

चार तासांहून लांबचा बसून केलेला प्रवास, मग तो विमानाचा असो, गाडीचा की रेल्वेचा, पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुपटीने वाढवतो. एरवी तो धोका फार कमीच असतो, पण टोळक्यात कोणाची नुकती शस्त्रक्रिया झाली असेल, पूर्वी गुठळी झाली असेल तर त्याने आधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी उठावं, फिरावं, पाणी प्यावं.

डोंगरातल्या तलावांवर जाणाऱ्यांनी उंची विसरू नये. २५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ सुरू होऊ शकते. ३००० च्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा दंडक आहे. गाडी एका दिवसात कुठेही नेऊन सोडते, फुप्फुसं तितक्या वेगाने येत नाहीत.

होडी लागणाऱ्यांनी गोळी होडीत चढल्यावर नाही, तासभर आधी घ्यावी. त्या गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा पुढे गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये. लागायला लागलं की हातातल्या गाठीकडे बघणं सोडा आणि क्षितिजाकडे बघा.

खंड्या

डॉक्टर, तुम्ही फितूर झालात. आता मी एकटाच पडलो.

पण एक विचारतो. पोचल्यावर दोनतीन तास झोप काढून संध्याकाळची भरती साधली तर?

कडुनिंब

काठावरून, चपट्या वाळूवर, शेजारी सोबती असताना, कमरेच्या खालच्या पाण्यात: साधा. खडकावर किंवा होडीत: नको. तेवढीच सूट.

तंगूस

डॉक्टरांनी दिलेली सूट मला मान्य करावी लागतेय. वाळूपुरती.

मासोळी

अजून कोणी छोट्या विमानांचं लिहिलं नाही म्हणून.

अलास्कातल्या कित्येक नद्यांवर रस्ताच जात नाही. शेवटचा टप्पा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचा. त्यातलं बीव्हर हे विमान १९४७ साली पहिल्यांदा उडालं आणि अजून कामाला आहे. तिथे सामानाबरोबर माणसांचंही वजन करतात, लाजायचं नाही, खरं सांगायचं. कडक सुटकेस नेऊ नका. मऊ पिशव्या कोनाकोपऱ्यांत कोंबता येतात, सुटकेस येत नाही. आणि धुकं असेल तर विमान उडत नाही म्हणजे नाही. वैमानिकाला "जरा बघा ना" म्हणू नका, तो जितका हट्टी तितका चांगला. परतीचं मोठं विमान आणि हे छोटं विमान यांच्यात किमान एक मोकळा दिवस ठेवा. तो दिवस वाया गेला असं वाटतं, पण मोठं विमान चुकलं की खरं वाया जाणं काय असतं ते कळतं. मंगोलियात टायमेन माशासाठी जाणाऱ्यांचंही तेच. राजधानीतून पुढे छोटं विमान किंवा जीप, आणि जीपच्या तासांवर विश्वास ठेवू नये.

तारखांचीही एक गंमत. किरिबातीमधलं किरितिमाती बेट बोनफिशसाठी प्रसिद्ध आहे. बरेचजण होनोलुलूहून जातात. दोन्हीकडे घड्याळ एकच वेळ दाखवतं, पण तारखेत पूर्ण एका दिवसाचा फरक! १९९५ पासून किरिबातीने वाररेषेची बाजू बदलली, त्यामुळे तिथे वेळ जागतिक वेळेपेक्षा १४ तास पुढे आणि होनोलुलूत १० तास मागे. मंगळवारी दुपारी निघून तुम्ही बुधवारी दुपारनंतर उतरता, तीन तासांचंच उड्डाण असूनही. मोबाइलवरचं घड्याळ बदललेलं दिसत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि वाटाड्याची, खोलीची तारीख एक दिवस चुकते. विमानं मोजकीच, त्यामुळे दुरुस्ती अवघड. आरक्षण करताना वार आणि तारीख दोन्ही लिहून कळवा.

उगाचच

म्हणजे परत येताना मासा पकडायच्या आधीच घरी?

मासोळी

तारखेने हो. खंड्याभाऊंना सोयीचं आहे, आदल्या दिवशीची भरती पुन्हा मिळेल.

भोवरा

ओल्या सामानाबद्दल लिहायचं राहिलं. नवी नदी म्हणजे नवे रोग, आणि ते नेणारे आपणच.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ मध्ये डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. दगडांवर ओल्या लोकरीसारखे थर धरतं. एका थेंबातूनही पसरू शकतं. २००८ मध्ये त्यांनी नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) तळव्यांचे बूट गरवण्यासाठी बंद केले, कारण नमदा कित्येक दिवस ओला राहतो. त्यामुळे तिकडे जाणार असाल तर रबरी तळव्यांचेच बूट घ्या, आणि वापरलेलं सामान आहे हे उतरल्यावर फॉर्मवर नमूद करा. लपवलेलं सापडलं तर दंड. आइसलँडला वापरलेलं गरवण्याचं सामान निर्जंतुक केल्याचा दाखला लागतो, नसेल तर तिथे उतरल्यावर करून घ्यावं लागतं. नॉर्वेत सॅमनच्या पिल्लांना मारणारा एक सूक्ष्म परजीवी आहे, त्याच्यापायी त्यांनी अख्ख्याच्या अख्ख्या नद्या औषध घालून रिकाम्या केल्यात. तो सुकल्यावर मरतो.

म्हणजे इलाज साधा आहे: चिखल काढा, धुवा, पूर्ण सुकवा. पण हा इलाज प्रवासाच्या बेतात बसवावा लागतो, आणि तिथेच सगळे घाई करतात. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाण्यात, रात्री ओले बूट पिशवीत, सकाळी विमान. एकाच सुटीत दोन नद्या करणाऱ्यांनी तर मधला दिवस सुकवण्यासाठीच धरावा, किंवा बुटांचे दोन जोड न्यावेत.

परवान्यांचंही जाता जाता. पकडून सोडणं सगळीकडे पुण्याचं काम नाही. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच इराद्याने मासे पकडायला बंदी आहे. त्यांच्या मते तो माशाचा विनाकारण छळ. दुसरीकडे अनेक नद्यांवर ठेवून घेणं गुन्हा. "आम्ही सोडून देणारे, आम्हाला कशाला परवाना" हे कुठेच ऐकून घेत नाहीत.

तंगूस

भोवरा, म्हणजे माझ्या उलट मोजणीत शेवटून एक दिवस वाढला. परतीच्या विमानाआधी सुकवण्याचा दिवस. टोळक्याला पटवणं अवघड जाणार, पण मासोळी म्हणतात तो धुक्यासाठीचा मोकळा दिवस आणि हा एकच करता येईल असं वाटतं. विमान उडालं तर बूट सुकवायचे, नाही उडालं तर तसेही बसूनच आहोत.

बुटांच्या आत ओल राहते ती कशी काढता? उन्हात टाकले की रबर कडक होतं.

निळाई

उन्हात नको, शेकोटीजवळ तर मुळीच नको, डिंक सुटतो. आतला तळवा आणि नाड्या काढून वेगळ्या वाळवा, त्यांच्यातच ओल दडते. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. पहिले दोन बोळे चिंब निघतात. तळव्याच्या खाचा टूथब्रशने. जुना घ्या, आणि शेजारच्याचा घेऊ नका.